आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी आलेला लेख वाचला. लेख सोपा आहे, नवख्या माणसाला धीर देणारा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका वाक्यापाशी मात्र मी अडले. ‘चूक झाली तर घाबरू नका, ती कुठे आहे ते संगणक स्वतःच सांगतो’, असे त्यात म्हटले आहे. मी सव्वीस वर्षे संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांच्या पडद्याकडे बघणे, हाच माझा धंदा होता म्हणा ना. संगणक सांगतो, यात वाद नाही. पण तो जिथे सांगतो तिथे आपण बघत नाही, आणि आपण जिथे बघतो तिथे तो नुसता ‘काम झाले नाही’ एवढेच म्हणत असतो.

वीस ओळींच्या प्रोग्रॅमपुरते लेखकाचे म्हणणे चालून जाईल. तिथेसुद्धा तेराव्या ओळीचा अर्धविराम राहिला, तर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, पुष्कळदा चौदाव्या ओळीकडे बोट दाखवतो. कारण त्या ओळीचा पहिला शब्द वाचेपर्यंत काही राहून गेले आहे हे त्याला कळायला मार्गच नसतो. आणि पोरगं बिचारं चौदावी ओळ पाचदा पुसून पुन्हा लिहितं.

खरी कसोटी लागते ती कंपायलरच सोर्सपासून, म्हणजे त्याच्या मूळ लिखित कोडपासून, बिल्ड करायला, म्हणजे तयार करायला, घेतला की. मी पाहिलेल्यांपैकी एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तो मी शेवटपर्यंत पाहिला.

जीसीसी हा सी आणि सी++ भाषांचा कंपायलर २०१५ साली पाचव्या आवृत्तीत आला, त्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. आमच्या सर्व्हरवरचे लिनक्स जुने होते आणि त्यावरचा जीसीसी ४.४.७. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला सी++१४, म्हणजे सी++ भाषेची २०१४ सालची आवृत्ती, हवी होती, म्हणजे निदान जीसीसी ५. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याला मिळणे शक्य नव्हते. तेव्हा ‘मॅडम, मी माझ्याच फोल्डरमध्ये सोर्सपासून बिल्ड करतो, दोन कमांडी तर आहेत,’ म्हणाला. आहेत खऱ्या दोनच. एक ‘कॉन्फिगर’, मशीनवर काय आहे ते तपासून तयारी करणारी; दुसरी ‘मेक’, प्रत्यक्ष बिल्ड करणारी.

पहिल्या दिवशी कॉन्फिगरने त्याला लगेच अडवले. तुमच्या मशीनवर ३२ बिटच्या लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) नसाव्यात अशी मला शंका आहे. असतील तर अमुक पर्याय द्या, नसतील आणि फक्त ६४ बिटचा कंपायलर चालणार असेल तर तमुक द्या, असा तो संदेश होता. त्याने ‘डिसेबल-मल्टिलिब’ हा पर्याय दिला आणि गाडी पुढे गेली. हा संदेश मला अजून आवडतो. ज्याने लिहिला त्याला समोरचा माणूस दिसत होता: काय घडले, का घडले असावे, आता काय करायचे, तीन वाक्यांत. आपल्या लेखकांनी असेच संदेश जास्त पाहिले असतील तर त्यांच्या वाक्याला माझी हरकत नाही.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. जीसीसीला स्वतः बिल्ड होण्यासाठी तीन गणिती लायब्रऱ्या लागतात. जीएमपी मोठ्या पूर्णांकांसाठी, एमपीएफआर दशांशाच्या काटेकोर गणितासाठी, एमपीसी संमिश्र संख्यांसाठी. कंपायलरला गणित कशाला, असे मुले हमखास विचारतात. प्रोग्रॅममध्ये कोणी एखाद्या ठरलेल्या आकड्याची साइन काढायला सांगितली, तर ती प्रोग्रॅम चालताना दर वेळी काढण्यापेक्षा कंपायलर आधीच काढून उत्तर चिकटवून देऊ शकतो. ते उत्तर शेवटच्या बिटपर्यंत बरोबर हवे, म्हणून हा सरंजाम. आमच्या पोराने तिन्ही लायब्रऱ्या आपल्या फोल्डरमध्ये बिल्ड केल्या, त्यांचे पत्ते कॉन्फिगरला दिले, कॉन्फिगर बिनतक्रार पार पडला. मग त्याने मेक सुरू केला. बराच वेळ पडद्यावरून ओळींचा पूर वाहत होता आणि एकदम थांबला.

संध्याकाळी माझ्या फोनवर फोटो आला. पडद्याची शेवटची ओळ, थोडी तिरकी, वर ट्यूबलाइटची चमक. ‘मेक: तीन चांदण्या, ऑल, एरर २’. खाली प्रश्न: ‘मॅडम, एरर २ म्हणजे काय?’

या ‘एरर २’ने किती लोकांचे किती दिवस खाल्ले असतील देव जाणे. मेक एका फोल्डरमध्ये चालतो, तो पोटफोल्डरमध्ये दुसरा मेक बोलावतो, तो आणखी आत तिसरा. सगळ्यात आतली एखादी कमांड फसली की आतला मेक बाहेरच्याला ‘माझ्याकडे काही तरी बिघडले’ असे २ या आकड्याने कळवतो, बाहेरचा त्याच्या बाहेरच्याला. कचेरीत फाइल टेबलावरून टेबलावर वर सरकते आणि शेवटच्या साहेबाच्या सहीत मूळ अर्जदाराचे नावसुद्धा उरत नाही, तसेच. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की वर जा.

‘वर जा, जिथे पहिल्यांदा एरर हा शब्द येतो तिथवर,’ मी लिहिले. तो गेला. चाळीसेक ओळी वर एक वाक्य सापडले: ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल होऊन निघालेल्या फाइलींच्या) नावाचा प्रत्यय ठरवता येत नाही, कंपाइल करता येत नाही, अधिक माहितीसाठी ‘कॉन्फिग.लॉग’ (कॉन्फिगरची नोंदवही) पाहा. पोरगं शहाणं, त्याने कॉन्फिग.लॉग उघडला. आणि त्यात ती रात्र घालवली.

दोन गोष्टी त्याला कोणी सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे कॉन्फिग.लॉग एरर या शब्दाने मुळातच खच्चून भरलेला असतो. कॉन्फिगरचे कामच ते: हे हेडर (फंक्शनांची ओळख देणारी फाइल) आहे का, ते फंक्शन आहे का, म्हणून लहान लहान प्रोग्रॅम कंपाइल करून बघायचे. नसलेल्या गोष्टी नाहीत असे कळणे हे त्याचे यश. पण लॉगमध्ये ते अपयश म्हणूनच उमटते. त्याने त्यातला एक निरुपद्रवी एरर पकडला, एका हेडर फाइलचा, आणि ती फाइल मिळवण्यासाठी कुठले तरी भलतेच पॅकेज आणून बिल्ड केले. तो एरर गेला. मेक पुन्हा तिथेच पडला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉन्फिग.लॉग एक नसतो. जीसीसीच्या बिल्ड फोल्डरमध्ये प्रत्येक भागाचा आपला आपला असतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याला या नावाच्या सगळ्या फाइली शोधायला लावल्या. डझनाहून जास्त निघाल्या. तो रात्रभर सगळ्यात बाहेरच्या फाइलीत शोधत होता, जिथे सारे आलबेल होते. फसले होते ते ‘लिबजीसीसी’ या जीसीसीच्या स्वतःच्या लायब्ररीच्या आतल्या फोल्डरमध्ये, आणि तिथला कॉन्फिग.लॉग त्याने उघडलाच नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ती फाइल उघडली तर त्याने सवयीने तळ गाठला. तळाशी नुसती व्हेरिएबल्सची जंत्री. कॉन्फिग.लॉगच्या शेवटी नेहमीच ती असते, शेकडो ओळींची, आणि तिच्यात उत्तर नसते. उत्तर असते ते ‘कॅश व्हेरिएबल्स’ या मथळ्याच्या थोडे वर. तिथवर मी त्याला हळूहळू न्यायला लावले. ओळ अशी होती: ‘सीसी१’ला ‘लिबएमपीसी.एसओ.३’ ही शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल नाही.

‘पण मॅडम, ती आहे! मीच बिल्ड केली. कॉन्फिगरला सापडली होती ना?’

होय, आणि गंमत तिथेच आहे. कॉन्फिगरने लायब्ररी लिंक होते का एवढेच पाहिले होते, आणि लिंकरला, म्हणजे प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडणाऱ्याला, तिचा पत्ता आपण दिला होता. सीसी१ म्हणजे नुकताच तयार झालेला खरा कंपायलर. तो चालवायची वेळ आली तेव्हा त्याच्या लायब्रऱ्या शोधण्याचे काम लिंकरकडे नव्हते, प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या मेमरीत आणणाऱ्या लोडरकडे होते. लोडर आपल्या ठरलेल्या जागा बघतो. या पोराचे फोल्डर त्यांत नव्हते. पत्ता एकाला सांगितला होता, दुसऱ्याला सांगितलाच नव्हता. म्हणजे नवा कंपायलर जन्माला आला, पण पहिले पाऊल टाकण्याआधीच अडखळला. त्यामुळे त्याला एक साधी चाचणी-फाइल कंपाइल करता आली नाही. म्हणून प्रत्यय ठरला नाही. म्हणून लिबजीसीसी थांबली. म्हणून मेकमागून मेक. आणि शेवटी तो फोटो. प्रत्ययाशी या सगळ्याचा काडीचा संबंध नव्हता.

यावर सरळ उपाय असा, की तिन्ही लायब्रऱ्यांचा सोर्स जीसीसीच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. मग त्या सोबत बिल्ड होतात आणि कंपायलरच्या आतच बसतात, लोडरला शोधाशोध करावी लागत नाही. सोर्स आणून देणारी छोटी स्क्रिप्टसुद्धा जीसीसीच्या ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमध्ये असते. मी हे सांगितले. पण त्याला घाई होती. त्याने कुठून तरी दोन ओळी उचलल्या, लायब्रऱ्यांचे मार्ग सांगणारी दोन व्हेरिएबल्स बदलली आणि मेक पुन्हा सुरू केला. आता नवाच एरर: ‘लायब्ररी पाथ’मध्ये चालू फोल्डर असता कामा नये.

‘मी चालू फोल्डर लिहिलेलंच नाही,’ तो जवळजवळ रडकुंडीला आला. खरेच लिहिले नव्हते. त्याने जुन्या मार्गापुढे दोन टिंबे, म्हणजे आपला अपूर्णविराम, देऊन नवा मार्ग जोडला होता. जुना मार्ग मुळात रिकामा होता. म्हणून व्हेरिएबलची सुरुवातच अपूर्णविरामाने झाली, आणि अपूर्णविरामाच्या आधीची रिकामी जागा म्हणजे ‘इथेच’, म्हणजे चालू फोल्डर, असा अर्थ लावला जातो. विसर्गाएवढी दोन टिंबे, आणि डोळ्यांना न दिसणारा एक शब्द त्यांच्या आधी! मी व्हेरिएबल पडद्यावर छापून दाखवले तेव्हा तो ती दोन टिंबे बघतच राहिला.

मग आम्ही सगळे पुसले. पुसले म्हणजे पूर्ण बिल्ड फोल्डर उडवले, व्हेरिएबल्स काढून टाकली, स्क्रिप्टने सोर्स आणला आणि सोर्सच्या बाहेर नवे कोरे फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवला. जीसीसीचे स्वतःचे सांगणेही सोर्स आणि बिल्ड वेगळे ठेवा असेच आहे. अर्धवट बिल्डवर पुन्हा कॉन्फिगर चालवणारे लोक मला घाम फोडतात. जुनी उत्तरे आतल्या फोल्डरांत साठून राहतात आणि आपण काय दुरुस्त केले, काय नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि एका वेळी एकच बदल. चार बदल एकदम केले आणि चालले, तर कशाने चालले?

तरी एक फेरी राहिली होती. सर्व्हरला सोळा कोअर, म्हणून पठ्ठ्याने मेकला सोळा कामे एकदम चालवायला सांगितले. मेमरी होती ८ जीबी, आणि त्यात इतरांचीही कामे चालू. तासाभराने ‘इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड’, आणि खाली नम्र विनंती, की कृपया या दोषाची सविस्तर तक्रार नोंदवा. कंपायलरमध्ये दोष काहीच नव्हता. मेमरी संपली तेव्हा लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, त्या प्रक्रियेचा गळा दाबला होता, आणि कंपायलर सज्जनपणे आळ स्वतःवर घेत होता. हे मेकच्या लॉगमध्ये मिळत नाही. ‘डीमेसेज’ ही कमांड दिली की कर्नलच्या वहीत ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद दिसते. आम्ही कामे सोळावरून दोनवर आणली, आणि या वेळी मेकचे सगळे बोलणे ‘टी’ कमांडने फाइलीत उतरवले, कारण टर्मिनल वरच्या ओळी विसरते.

एकदम अनेक कामे चालवण्यात आणखी एक खोट आहे. एक काम फसले तरी बाकीची हातातले काम संपेपर्यंत बोलत राहतात, आणि खरा एरर त्यांच्या बडबडीखाली गाडला जातो. शंका आली की मेक एकाच कामावर पुन्हा चालवावा. वेळ जास्त लागतो, पण तो थांबतो तो बरोबर खड्ड्याच्या काठावर.

रात्रभर मशीन चालले. सकाळी पडद्यावर ‘कम्पेअरिंग स्टेजेस २ अँड ३’ ही ओळ आली आणि तिच्यानंतर तक्रार आली नाही. मला या ओळीचे अजूनही अप्रूप आहे. जीसीसी स्वतःला तीनदा बिल्ड करतो. पहिल्यांदा मशीनवरच्या जुन्या कंपायलरकडून, मग त्यातून निघालेल्या नव्याकडून, मग त्या नव्याने घडवलेल्याकडून. दुसरी आणि तिसरी प्रत बाइटला बाइट जुळली पाहिजे, नाही तर बिल्ड तिथेच थांबतो. कंपायलर त्याच्याच भाषेत लिहिण्याची ही रीत जुनी आहे. एमआयटीमध्ये १९६२ साली लिस्प या भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला गेला होता. गो भाषेचा कंपायलर आधी सी भाषेत होता, ऑगस्ट २०१५ मधल्या १.५ आवृत्तीपासून तो गोमध्येच आहे, म्हणून गो बिल्ड करायला आधीचा गो लागतो. त्याची योग्य आवृत्ती नसणे हाही बिल्ड फसण्याचा एक ठरलेला प्रकार.

अर्थात दोन प्रती जुळल्या म्हणजे कंपायलर प्रामाणिक आहे असे नव्हे. युनिक्सच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापलेल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात हे दाखवून दिले आहे, की सोर्स स्वच्छ असूनही जुन्या कंपायलरमधली खोडी नव्यात उतरत राहू शकते. तो विषय मोठा आहे, पत्रात मावणार नाही.

राहता राहिला एक प्रकार, जिथे लॉग कितीही वाचला तरी उपयोग नाही. आमच्याकडे एका मशीनवर बिल्ड दर वेळी वेगळ्याच फाइलीवर पडायचा, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीत भलत्याच जागी हात घातल्याचा एरर) म्हणून. पुन्हा मेक दिला की तीच फाइल सुरळीत पार, आणि पुढच्या कुठल्या तरी फाइलीवर आपटी. एरर दर वेळी एकाच जागी येत असेल तर बहुधा सॉफ्टवेअर पाहावे, जागा बदलत असेल तर मशीनवर संशय घ्यावा. मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, मेमरीची एक पट्टी खराब निघाली. कंपायलरचा बिल्ड मेमरीला इतके तास पिळून काढतो, की एरवीच्या कामात लपून राहिलेली खराबी बाहेर पडते.

आता मी निवृत्त आहे, पण फोटो अजून येतात. हल्लीची मुले तीच शेवटची ओळ चॅटबॉटला देतात. ‘एरर २’ एवढ्यावर तो तरी काय सांगणार? पाच शक्यता आणि पाच कमांडी, आणि मुले पाचही एकापाठोपाठ चालवून मोकळी होतात. पूर्ण लॉग दिला तर तो बरे सांगतो असा माझा अनुभव आहे; पण पूर्ण लॉगमधून पहिला एरर उचलता आला, तर निम्म्या वेळा विचारायची गरजच उरत नाही.

आपल्यालाही हे नवे नसावे. पहिल्या पानावर झालेल्या चुकीची दुरुस्ती आपणही आतल्या पानाच्या कोपऱ्यातच छापता! (रागावू नये.)

तर विनंती अशी, की या लेखमालेच्या पुढच्या एखाद्या भागात एक खराखुरा फसलेला बिल्ड छापावा. शेवटच्या ओळीपासून नव्हे, मधल्या ओळींसह, आणि लेखकांनी तो वाचत वाचत वर कसे जायचे ते दाखवावे. जागा लागेल, अक्षर बारीक करावे लागेल. त्या पोराच्या परवानगीने मी तेव्हाच्या लिबजीसीसीच्या कॉन्फिग.लॉगची प्रत ठेवलेली आहे. हवी असल्यास पाठवते. तळाची जंत्री काढून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक